बोट दाखवा, दाजी

दाजी, राजूरहून तुमच्या गावाकडं वळलं की फाट्यावर आता तुम्हीच उभे असता. एकदा नाही, दोनदा. रस्त्याच्या उजव्या अंगाला साहेबांच्या गटानं लावलेला फ्लेक्स, डाव्या अंगाला भाऊसाहेबांच्या गटानं लावलेला. दोन्हींवर 'भावपूर्ण श्रद्धांजली', दोन्हींवर 'लोकशाहीचा जागता पहारेकरी', आणि फोटोही दोन्हींवर एकच, मतदानाच्या दिवशी शाळेपुढं काढलेला. गुलाबी फेटा, जग जिंकल्यासारखं हसू आणि डाव्या हाताची तर्जनी पार कॅमेऱ्याच्या तोंडाशी नेलेली. तर्जनीवर काळा ठिपका. तुमच्या तेराव्याला एस्टीतून उतरलो तेव्हा दोन्ही फ्लेक्सच्या मधे थांबून मी तो ठिपका बघत राहिलो. तो शाईचा नाही. हे मला माहीत आहे, ताईला माहीत आहे आणि गावातल्या आणखी एका बाईला.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे लिहिणार आहे त्याला कुणी आकस म्हणू नये. पस्तीस वर्षं तुम्ही माझे दाजी होतात. मंठ्याकडच्या आमच्या घरी तुम्ही नवरदेव होऊन आलात तेव्हा मी अकरावीत होतो. पुढं माझ्या डी.एड.च्या प्रवेशासाठी तुम्ही कापसाची वेचणी सोडून तीन दिवस माझ्याबरोबर जालन्यात हिंडलात. लॉजमधल्या एकाच खाटेवर आपण दोघं झोपायचो आणि तुमच्या घोरण्यानं माझी झोप व्हायची नाही. अलीकडं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जुन्या जालन्यात माझ्या घरी आठ दिवस राहिलात, तर एका डोळ्याला पट्टी असताना माझं पुस्तकांचं अख्खं कपाट झाडून पुसून लावून ठेवलंत. तुमचे उपकार आहेतच. पण दाजी, माणूस म्हणून तुम्हाला मी कधी फारशी किंमत दिली नाही, आणि ते तुम्हालाही ठाऊक होतं.

किंमत द्यावी असं काय होतं? तुम्ही कधी निवडणुकीला उभे राहिला नाहीत. सरपंच नाही, सोसायटीचे चेअरमन नाही, साधे पंचही नाही. तुमचं काम एकच, गावाला मतदानाला काढणं. कुणी नेमलं नव्हतं. तुमचा पक्ष कोणता असं कुणी विचारलं की तुम्ही 'साहेब' असं उत्तर द्यायचा. विचार नाही, जाहीरनामा नाही, साहेब. कारण काय, तर तुमच्या वडलांच्या मयताला साहेबांनी गाडी थांबवली होती. थांबवली म्हणजे काय, मयतानं रस्ता अडला होता म्हणून थांबली होती. काच खाली करून त्यांनी हात जोडले असतील, नाही असं नाही. त्या जोडलेल्या हातांवर तुम्ही आख्ख्या गावाची मतं वाहून टाकलीत, एकदा नाही, प्रत्येक निवडणुकीला.

आणि गावही तसलंच. साहेबांनी काय केलं असं मी कुणाला विचारलं की 'आण्णा सांगतेत' एवढंच उत्तर. आण्णा म्हणजे तुम्ही. पुलावर दर पावसाळ्यात पाणी येऊन गाव चार-चार दिवस तुटायचं, शाळेचे पत्रे उडून गेले होते, दवाखान्याच्या दाराला गंज चढला होता, आणि मतदानात मात्र गाव तालुक्यात पहिलं. तहसीलचं ते प्रमाणपत्र तुम्ही फ्रेम करून ओसरीत देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं. उदबत्ती दोघांना एकच.

तुमची ती बोटं तपासायची तऱ्हा तर मी जालन्यात शाळेत सांगायचो तेव्हा लोकांना खरी वाटायची नाही. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मारुतीच्या पारावर जाऊन बसायचा. एका हाताला चहाची किटली, दुसऱ्या हाताला देवळाच्या भोंग्याचा माईक. रानात जाणारा, दुधाला जाणारा, जो कुणी पुढून जाईल त्याला 'बोट दाखव'. शाई दिसली की चहा. नाही दिसली की माईकवर नाव. 'अमुक अमुक यांनी काल गावाला फसवलेलं आहे.' लोक हसायचे, पोथीला बसल्यासारखे भोवती बसून राहायचे. मत कुणाला दिलं हे तुम्ही कधीच विचारलं नाही, याचं तुम्हाला मोठं कौतुक. विचारायची गरज कुठं होती, आदल्या आठवड्यात घरोघर जाऊन ते सांगून आलेले असायचा तुम्ही.

त्या पारावर तुम्ही मलाही सोडायचा नाही. मी मास्तर, म्हणजे प्रत्येक निवडणुकीला माझी ड्युटी लागायची. मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे दिवसभर लोकांच्या नखांना शाई लावणारा. रात्री पेट्या जमा करून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईकडं जेवायला यायचो आणि तुम्ही पारावरून हाक मारायचा.

"मास्तर, बोट दाखवा."

"आमचं टपालानं असतं, दाजी."

"हां, टपालानं. बराबर हाये."

आणि मिशीत हसायचा. ड्युटीवरच्या माणसाचं मत टपालानं जातं, त्याच्या बोटाला शाई लागत नाही, हे या माणसाच्या डोक्यात शिरत नाही, असं मी ताईला सांगायचो. ताई भाकरी थापत राहायची.

आपलं भांडण मात्र खरं होतं. ते कधी मिटलं नाही आणि आता मिटायचंही नाही. ओसरीत बसून मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल की दाजी, रांगेत माणसं उभी केली म्हणजे लोकशाही झाली नाही. माणसानं विचार करून मत दिलं पाहिजे, नसेल पटत तर घरी बसायचाही त्याला हक्क आहे. तुम्ही कोंडवाड्यात ढोरं नेल्यासारखी माणसं नेता.

"मास्तर, तुमी वर्गात हजरी घेता का न्हाई?" तुम्ही विचारलंत.

"घेतो."

"पोरगं हुशार हाये का ढ हाये, ते नंतर. आधी हजर तर पाह्यजे."

"हजेरी घेऊन मी पोरांना उत्तरं सांगत नाही."

"मंग पास कसे व्हतेत?"

ताई आतून हसली. मला राग आला. यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असंही एक बटण असतं, असं मी एकदा सांगितलं तर तुम्ही तोंड वाकडं केलंत. "पाव्हन्याच्या घरी जायचं अन् पान्याचा गलास न्हाई म्हनून परत यायचं, तसं हाये ते. त्याच्यापरीस न जानं बरं." मग लगेच सावरून म्हणालात, "पन न जानं बिलकुल चालनार न्हाई." तुमचं हे असं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता गयाबाईचं. हे मला लिहायचं नव्हतं, पण तुमच्याशी बोलायचं आणि ते टाळायचं हे जमणारं नाही.

गयाबाई खालच्या आळीतली, रोजानं कापूस वेचायला जाणारी बाई. नवरा लवकर गेलेला, दोन लेकी. त्या वर्षी मतदान ऐन वेचणीत आलं होतं. पहाटे टेम्पोत बसून ती दूरच्या रानात गेली, अंधार पडल्यावर परतली. दिवस बुडवला असता तर मुकादमानं दुसऱ्या दिवशी तिला टेम्पोत घेतलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी पारावरून जायचं होतं आणि तुम्ही तिथं बसणार होतात. म्हणून पहाटे रानात जायच्या आधीच तिनं दिव्यावर बिब्बा धरला, सुईनं टोचला आणि त्याचं काळं तेल तर्जनीवर लावलं. घराघरात मडक्यात बिब्बे असतात, काटा मोडला की लावायला, टाचा फुटल्या की भरायला. रंग थेट शाईचा. पण बिब्बा अंगावर उततो हे ती घाईत विसरली, किंवा तिला वाटलं एवढ्याशानं काय होतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं बोट वांग्याएवढं झालं होतं. पदराखाली हात धरून ती पारापुढून निघाली आणि तुम्ही म्हणालात, बोट दाखव. तिनं दाखवलं. तुम्ही बघितलंत, वास घेतलात आणि उठून माईक हातात घेतलात. सरकारला बिब्बा लावणारी बाई आपल्या गावात निघाली, असं तुम्ही म्हणालात. गावाच्या नावात बिब्बा घातला, असं म्हणालात. तिला पारावर चढवून हात वर धरायला लावलंत. लोक हसले. मी पेट्या जमा करून नुकताच आलो होतो, पिशवी खांद्यालाच होती. दाजी, मीही हसलो. आता सोयीनं ते विसरलो तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय. बाईनं हात खाली घेतला, पदरात गुंडाळला आणि पार उतरून गेली. तिचा हात कोपरापर्यंत सुजला, वेचणीचे पुढचे बारा-पंधरा दिवस तिला घरी बसावं लागलं. त्यानंतर ती पारापुढून कधी गेली नाही, मागच्या बोळानं जायची. पुढच्या प्रत्येक निवडणुकीला मात्र सकाळी सातला रांगेत तिचा नंबर पहिला. तुम्ही त्याला सुधारणा म्हणायचा.

त्या दिवसापासून तुमच्याविषयी माझ्या मनात जी अढी बसली ती बसलीच. एक दिवस याच पारावर तुमचं उणं काढीन, असं मी मनाशी धरून होतो.

मग तुमचा पक्ष फुटला. फुटला म्हणजे असा की साहेब एकीकडं आणि साहेबांनीच बोट धरून मोठे केलेले भाऊसाहेब दुसरीकडं. दोघांची चिन्हं वेगळी, दोघांच्या गाड्या वेगळ्या, आणि आठवड्याच्या अंतरानं दोन्ही गाड्या तुमच्याच दारात. साहेबांनी तुमच्या तळहातावर भंडारा ठेवला आणि राजूरच्या गणपतीची आण घालून शब्द घेतला. तुम्ही दिलात. पुढच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी तेच केलं, आणि तुम्ही पुन्हा दिलात. हे मला ताईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी इतका हसलो की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. पस्तीस वर्षं गावाला वळण लावणारा माणूस दोन गाड्यांच्या मधे उभा राहून दोघांनाही माना डोलावत होता. गावही तुमच्याकडं बघत होतं, आण्णा काय सांगतेत. आण्णा त्या खेपेला काही सांगेनात. 'ज्याला जिकडं वाटंल तिकडं टाका, पन टाका,' एवढंच. जन्मात पहिल्यांदा तुमच्या गावातल्या माणसांना आपलं मत आपण ठरवावं लागलं.

मतदानाच्या चार दिवस आधी तुमचा फोन आला. आपलं ते शेवटचं बोलणं. मी ड्युटीच्या प्रशिक्षणाला आलो होतो, चहाला बाहेर पडलो तेव्हा फोन वाजला.

"मास्तर, दोन बटनं एकदम दाबली तं काय व्हतं?"

मला वाटलं थट्टा करताय. मी म्हणालो, मशीन पहिलं दाबलेलं धरतं, दुसरं धरत नाही.

"अन् कोनतंच न्हाई दाबलं तं?"

"शाई लावून आत गेलात आणि काहीच दाबलं नाहीत, तर मशीन अडकून बसतं. केंद्राध्यक्ष रजिस्टरला लिहून ठेवतात की या माणसानं मत द्यायला नकार दिला. सगळ्या एजंटांसमोर."

"म्हंजे समद्यायला कळंल."

"कळेलच की. नसेल दाबायचं तर मग आत जायचंच कशाला, दाजी?"

तुम्ही "बराबर हाये" म्हणालात. मी फोन ठेवला आणि आत जाऊन शेजारच्या गुरुजींना तुमचा किस्सा सांगितला. दोघं हसलो.

मतदानानंतर तेविसाव्या दिवशी तुम्ही गेलात. सकाळी, अंघोळीचं पाणी काढता काढता. मी पोचलो तेव्हा तुम्हाला अंगणात पाटावर घेतलं होतं. तुमच्या भाच्यानं पाठ धरली, मी डावा हात धरला आणि कोमट पाणी घालू लागलो. तेव्हा तुमचं बोट माझ्या हातात आलं.

ती शाई मी आयुष्यात किती नखांना लावली असेल त्याची गणती नाही. ती धुऊन जात नाही. नख वाढेल तशी वर सरकत जाते आणि शेवटी कापल्या नखाबरोबर जाते. तेवीस दिवसांत तुमच्या नखावर ती रेघ दिसायलाच हवी होती. नख स्वच्छ होतं. त्याच्याखाली बोटाचं सालटं निघून आतली लालसर कातडी आलेली, आणि कडेनं काळपट किनार. बिब्ब्याशिवाय असं कशानं होत नाही.

खरं सांगतो, मला त्या क्षणी दुःख झालं नाही. आनंद झाला. भर अंगणात, बायका रडत असताना, माझ्या मेलेल्या दाजींचं बोट हातात धरून माझ्या मनात आलं, आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. सापडलात. तुमच्याच माईकवरून, तुमच्याच पारावर हे सांगायचं, असं मी तुमच्या अंगावर पाणी ओतता ओतता ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर ताईला विचारलं. ती धान्य निवडायला बसली होती. हात चालू ठेवून तिनं सांगितलं.

"मडक्यातला बिब्बा म्याच काढून देल्ता. पायात काटा मोडलाय म्हनले. मंग फोटोत बोट पाह्यलं तवा ध्येनात आलं."

"पण का, ताई? गावाला रांगेत उभं करणारा माणूस."

"दोघायलाबी गनपतीच्या नावानं शब्द देल्ता. बटन एकच दाबता येतं, दिगंबर. एकाचं दाबलं तं दुसऱ्याचा शब्द मोडतोय. न्हाईच गेले."

"एजंटांना यादीत दिसलं असणार."

"दिसलं आसंल. त्याय्‌ला इचारायची छाती कोनाची?" मग तिनं सूप खाली ठेवलं. "या खेपेला पारावरबी बसले न्हाईत. गुडघे दुखतेत म्हनले. तिसऱ्या दिशी बोट लई उतलं तवा फडकं बांधून कुटंतरी जाऊन आले. आल्यावर बोटाला तीळ-खोबरं वाटून लावेल व्हतं. कोनी लावलं, सांगितलं न्हाई."

मी तिला सांगितलं की शोकसभेत मी बोलणार आहे आणि हे बोलणार आहे. तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला काय बोलायचं ते बोल. तू जाशील जालन्याला. मला हितंच राहायचंय, त्याच पारापुढून पान्याला जायचंय." आणि पुन्हा सूप उचललं.

दहा दिवस हे डोक्यात घेऊन हिंडलो. बोललो तर बहिणीला जन्मभर मान खाली घालून राहावं लागणार, नाही बोललो तर तुमचं खोटं बोट दोन फ्लेक्सवरून गावाकडं बघून हसत राहणार आणि गयाबाईनं मागच्या बोळानंच जायचं. तुम्ही गेलात तेही असा पेच मागं ठेवून.

तेराव्याला जेवणाआधी पारापुढं शोकसभा झाली. आधी साहेबांचा माणूस बोलला. आण्णा शेवटच्या श्वासापर्यंत साहेबांबरोबर होते, त्यांचं शेवटचं मत साहेबांनाच पडलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मग भाऊसाहेबांचा माणूस उठला. त्यानंही छातीवर हात ठेवला. शेवटचं मत भाऊसाहेबांना. तुम्ही असता तर दोघांनाही मान डोलावली असती. मेल्यावरही तुमचं ते मत दोघांना पुरून उरलं, जे तुम्ही दिलंच नव्हतं. मला वाटलं आता हसू आवरणार नाही.

मग माझं नाव घेतलं. माईक तोच, देवळाचा. समोर पुरुष, डावीकडं बायका. बायकांत ताई खाली बघत बसलेली आणि सगळ्यात मागं, भिंतीला टेकून उभी, गयाबाई. त्या पारापुढं ती किती वर्षांनी आली होती कोण जाणे. मी तुमच्या बोटाविषयी बोलायला तोंड उघडलं. शब्द ओठावर होते. ताईच्या डोक्यावरचा पदर दिसला आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हणालो, दाजींनी गावासाठी पुष्कळ केलं, पण याच ठिकाणी त्यांनी एकदा गयाबाईंचा अपमान केला. आम्ही सगळे हसलो, मीही हसलो. त्यांची माफी मागायची दाजींकडून राहून गेली. ती मी त्यांच्या वतीनं मागतो.

दोन्ही गटांची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग मागून गयाबाईचा आवाज आला, चढा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"न्हाई राह्यली, मास्तर. येऊन गेल्ते आण्णा माझ्या घरी. मागितली त्यायनी."

ती खाली बसली. पुढं सभा कशी संपली मला आठवत नाही.

पंगतीत मी वाढायला होतो. गयाबाईच्या पानावर बुंदी घालताना मी हळूच विचारलं, कधी आले होते. ती तितक्याच हळू बोलली. मतदानाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही तिच्या दारात उभे राहिलात. फडकं सोडलंत आणि बोट पुढं केलंत. बिब्बा उतल्यावर काय लावतात हे गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं तुम्हाला बसवलं, तीळ-खोबरं वाटलं आणि लावलं. ती लावत होती तोवर तुम्ही तिच्याकडं न बघता म्हणालात, गया, त्या दिशी मी लई वाईट वागलो.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"काय सांगायचं? दुखत व्हतं त्याय्‌ला." तिनं पानाशी हात नेला आणि थांबली. माझ्या हाताकडं बघत होती. मी बुंदीचं ताट डाव्या हातानं धरलं होतं. पंगतीतल्या प्रत्येकाच्या नखावर, अगदी म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्याही, शाईची रेघ अर्ध्यावर सरकून आली होती. माझं नख कोरं होतं.

"आमचं टपालानं असतं," मी सवयीनं म्हणालो.

"म्हाईत हाये. आण्णा बोलले व्हते त्या दिशी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, दाजी, असता तर बरं झालं असतं. "म्हनले, गया, मी एकलाच न्हाई. आमच्या मास्तरचं टपालबी कपाटातून कधी निघलं न्हाई. पन ते शिकेल माणूस हायेत, त्याय्‌ला कोन इचारनार."

बुंदीचं ताट पुढच्या पानावर कसं नेलं मला कळलं नाही.

तर तुम्हाला माहीत होतं. मोतीबिंदूच्या त्या आठ दिवसांत, एका डोळ्यानं, कपाटाच्या खालच्या फळीवर वर्तमानपत्राखाली दाबून ठेवलेली ती सगळी पाकिटं तुम्ही बघितली होतीत. न भरलेली, काही न उघडलेलीसुद्धा. मी कधीच मत दिलं नाही, दाजी. पहिल्या वर्षी उमेदवारांतला एकही माझ्या मताच्या लायकीचा वाटला नाही, आणि मग प्रत्येक वर्षी तेच वाटत गेलं. आता तर प्रशिक्षणाच्या ठिकाणीच मत द्यायची सोय असते. या वेळी तिथली रांग बघून मी चहा प्यायला गेलो, आणि तुमचा फोन आला तेव्हा मी त्याच चहाच्या टपरीकडं निघालो होतो. तुम्हाला मी सांगितलं, नसेल दाबायचं तर आत जायचंच कशाला. मला ते किती सहज सुचलं होतं.

ते कपाट झाडल्यावरही तुम्ही पारावरून मला दोनदा तरी हाक मारलीत. 'मास्तर, बोट दाखवा.' मी टपाल म्हणालो आणि तुम्ही 'बराबर हाये' म्हणून हसलात. मी तुम्हाला अडाणी समजलो, आणि तुम्ही मला वाचवत होता. ताईच्या माहेरचा माणूस, शिकलेला, चार लोकांत मास्तर म्हणवणारा, म्हणून.

पुढच्या निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश कालच शाळेत आला. त्याच्याबरोबर टपाली मताचा अर्ज आहे, तो टेबलावर पडलाय. भरीन, असं वाटतंय. पण मला तुमचा राग येतोय, दाजी, आणि या खेपेला तो खरा आहे. गयाबाईचं सुजलेलं बोट तुम्ही गावापुढं वर धरायला लावलंत, कारण ती रोजानं जाणारी बाई होती. माझं कोरं बोट तुम्हाला ठाऊक होतं. माईक हातात होता, पार पुढं होता, आख्खं गाव चहा पीत बसलं होतं. एकदा मलाही तिथं उभं करायचं होतं.